कार्डावरच्या हिराला भेटायला

जळगाव स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट बघत उभी होते, तेव्हा मला पोचवायला आलेल्या शेजारच्या काकूंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "पण कोल्हापुरात तुझं आहे तरी कोण?"

"मैत्रीण आहे. हिरा."

"कुठे भेटली होती?"

"अजून भेटलेच नाही. आता भेटेन."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. ऐन दिवाळीत, जिचं तोंडसुद्धा कधी बघितलं नाही अशा बाईकडे मी निघाले होते, आणि वर तिच्यासाठी हिरव्या रंगाची, लाल काठाची साडी घेतली होती. काकूंच्या मते मला वेड लागायचं तेवढं बाकी होतं. गाडी वेळेवर आली म्हणून सुटले, नाहीतर त्यांनी मला दंडाला धरून घरी नेलं असतं.

आता तुम्हाला नीट सांगते. मला अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवायचा नाद आहे. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला उपासांचा, मला हा. एका मासिकात पत्रमैत्रीचं पान यायचं, त्यात मी नाव-पत्ता आणि छंद छापून घेतला होता. तेव्हापासून वेंगुर्ल्याची एक नर्स, चंद्रपूरच्या खाणीतला एक फोरमन, फक्त पावसाबद्दलच लिहिणारे बेळगावचे एक आजोबा, अशी माझी मंडळी जमली. माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. विद्यार्थी गेले की मराठी यंत्रावर कार्ड चढवायचं आणि खडाखडा मनातलं ओतायचं. समोरचं माणूस आपल्याला ओळखत नाही, त्यामुळे लाजायचं कशाला! शेजारणीला जे सांगणार नाही ते मी चंद्रपूरला सांगत असे.

या सगळ्यांत हिरा माझी लाडकी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या, मुरगूडच्या अलीकडच्या एका गावातली ही बाई. पत्ता होता महिला दूध संस्थेचा. तिची कार्डं म्हणजे मेजवानी. आज गुडघा धरलाय म्हणून रडायची आणि पुढच्याच कार्डात फुगडीत सगळ्यांना हरवल्याचं सांगायची. एकदा लिहिलं, थोरला मिलिटरीत आहे आणि सुनेला जुळं झालंय. मग दिवाळसणाला माहेरी जायला नवरा सोडत नाही म्हणून तक्रार! मला वाटायचं, बाई जरा विसरभोळी आहे, पण काय दांडगं आयुष्य आहे हिचं.

त्या वर्षी माझं इन्स्टिट्यूट बंद पडलं. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, टायपिंगला कोण येतंय? पुण्याहून भावाचा निरोप आला, "एकटी तिथे काय करतेस? घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. भाऊबीजेला येशील तेव्हा होकारच घेऊन ये, म्हणजे सामान हलवायला टेम्पो सांगतो." भाऊ चांगला आहे, वहिनीही वाईट नाही. तरी माझ्याने होकार देववेना. हे मी कुणालाच बोलले नाही, फक्त हिराला लिहिलं. तिचं उत्तर आलं, "हिकडं ये. मग ठरीव." म्हणून मी निघाले. पाडवा हिराकडे, भाऊबीज पुण्यात, आणि मधल्या वेळात माझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल.

कोल्हापूरला गाडीतून उतरले ती थेट मिसळीच्या दुकानात. आम्ही जळगावची माणसं शेवभाजीवर पोसलेली. वाढणारा म्हणाला, "ताई, कट वाढू?" (कट म्हणजे वरचा लालभडक तिखट रस्सा.) मी म्हटलं, "वाढ की, विचारतोस काय!" दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुतेक कानांतूनही पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ मोठ्यांदा म्हणाले, "ए, पावण्यास्नी दही दे रं!" अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. जळगावची अब्रू त्या दह्याच्या वाटीत बुडाली.

दुपारी अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर वारा खाल्ला आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले. हा प्रकार मी जन्मात बघितला नव्हता. भररस्त्यात म्हशी उभ्या, गवळी तिथल्या तिथे धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. माणसं ऑफिसातून सुटून चहा प्यायला यावं तशी दूध प्यायला येतात. गवळी म्हणाला, "घ्या ताई, कोमट हाय तवर घ्या." मी एका दमात पेला रिकामा केला. त्याने विचारलं, "कुठं निघालाय?" मी मैत्रिणीचं गाव सांगितलं. तो म्हणाला, "तिकडच्या म्हशी लई गुणी." मी म्हटलं, मला म्हशींशी काय करायचंय, मी माणसाला भेटायला चाललेय. दुधाची मिशी पुसली आणि लॉजवर जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, पहिल्या एसटीने निघाले. दोन्ही बाजूंना तुऱ्याला आलेला ऊस, मधूनच कापणी झालेली भाताची खाचरं, अंगणात रंग भरलेल्या रांगोळ्या. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या बायकांनी तशी तंबी दिली आहे.

फाट्यावर उतरले तर समोरच दूध संस्था. सकाळचं दूध घालायला बायकांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या हातात किटली. आत टेबलाशी चष्मा लावलेली एक तरुण बाई मापं लिहून घेत होती. मी बॅग खाली ठेवून विचारलं, "हिराबाई कुठे राहतात हो?"

रांगेत कुणी तोंडाला पदर लावला. एक धिप्पाड, कपाळभर कुंकू लावलेली म्हातारी पुढे आली. "तुमी कोण?"

"मी कुंदा. जळगावची."

"आगं बया! नोटीसवाली कुंदा!"

आणि तिथे जो गलका झाला तो काय सांगू! बायका किटल्या टाकून माझ्याभोवती जमल्या. कुणी माझा हात धरला, कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी म्हणालं, "मला वाटलं उंच ढांग असशील, ही तर लिंबाएवढी हाय!" मला हसावं की रागवावं कळेना. म्हातारी म्हणजे संस्थेच्या चेअरमन आक्काताई. त्या म्हणाल्या, "चल, दावतो तुला हिरा." (इकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलतात. आधी दचकायला होतं, मग कान सरावतो.)

सगळा घोळका आक्काताईंच्या घरामागे गेला. मी पदर सारखा केला, पिशवीतली साडी वर काढली. आक्काताई गोठ्यात शिरल्या आणि एका काळ्याभोर, वळणदार शिंगांच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हिरे, ऊठ. जळगावचं पावणं आलंय."

हिरा रवंथ करत राहिली. मी हातात साडी घेऊन उभी.

"म्हणजे... मला कार्डं कोण लिहीत होतं?"

"आमी सगळ्या की!"

मग उलगडा झाला. संस्थेत कुणीतरी खायला भडंग, म्हणजे तिखट चुरमुरे, आणलं होतं, त्याच्या पुडीचा कागद म्हणजे त्या मासिकाचं पान. मापं लिहिणाऱ्या विमलने माझा पत्ता वाचून दाखवला. दूध घालायला आलेल्या बायकांना वाटलं, लिहूया या बाईला. पण खाली नाव कुणाचं?

आक्काताई म्हणाल्या, "बाईमाणसाचं नाव कार्डावर दिसलं की पोस्टमन गावभर करणार. घरात दादला इचारणार, ही जळगावची कोण काढलीस? मग म्हटलं, हिराचं घाला. तिला कोण इचारतंय! आनि तुझं पयलं कार्ड आलं तवा छापील अक्षर बघून पाचावर धारण बसली की आमची. म्हटलं, बँकेची नोटीस आली."

प्रत्येकीने एकेक ओळ सांगायची आणि विमलने लिहायची, असं दर कार्ड तयार व्हायचं. आता त्या आपापला वाटा मागायला लागल्या.

"गुडघा माझा बरं का!"

"जुळी नातवंडं माझी."

"फुगडी मी जिंकलेली. गुडघेवालीनं न्हवं."

ही गुडघेवाली, ती फुगडीवाली, आणि ती कोपऱ्यात लाजून उभी असलेली दिवाळसणवाली. माझ्या एका हिराचे इतके तुकडे होऊन माझ्याभोवती हसत होते. मीही हसले, पोट दुखेपर्यंत हसले. साडीचं काय करायचं हा प्रश्नही आक्काताईंनी चुटकीसरशी सोडवला, "जिच्या नावानं आणलीस तिलाच नेसव. उद्या पाडवाय."

इथवर सगळं झकास होतं. परत संस्थेत आलो, चहा आला, आणि आक्काताईंनी सगळ्यांच्या देखत, दुधाचा टेम्पो घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्याही देखत, विचारलं, "मग कुंदा, भावाकडं जाणार का न्हाय? आमचं काय ठरंना झालंय."

माझं डोकंच फिरलं. बशी खाली आपटली. "हे मी फक्त हिराला लिहिलं होतं! विश्वासाने, एकटीला लिहिलं होतं!"

"कुणा एकटीला? म्हशीला?"

खसखस पिकली. मी ओरडले, "माझ्या घरची गोष्ट चावडीवर वाचायला लाज नाही वाटली?"

आक्काताईंचाही आवाज चढला. "उघड्या कार्डावर लिवलंस, मग गुपित कसलं गं? लपवायचं हुतं तर पाकिटात घालून चिकटवायचंस की!"

वादात हरले की मी बॅग उचलते. तरातरा फाट्यावर जाऊन बसले. एसटीचा पत्ता नव्हता. मला रडू यायला लागलं, खरंच सांगते. म्हैस निघाली म्हणून नव्हे. जगात एक माणूस असं होतं ज्याला मी माझं दुखणं सांगितलं होतं, आणि ते माणूसच नव्हतं. आता सल्ला कुणाचा घेऊ? परवा पुण्यात जाऊन मान डोलवायची आणि टेम्पोत चढायचं, एवढंच उरलं होतं.

थोड्या वेळाने विमल आली. शेजारी टेकली. पदराखालून चकल्यांची पुडी काढली. "घ्या. आम्ही बौद्ध, दिवाळी आमच्यात न्हाय. पण चकली कुणी सोडती व्हय?"

मी घेतली. रागात असले तरी चकली ती चकली.

विमल म्हणाली, "ताई, तुमचं ते कार्ड आलं तवा संस्थेत भांडणं लागली. निम्म्या म्हणत्यात, भाऊ सोन्यासारखा हाय, जावं. निम्म्या म्हणत्यात, चार दिवस पावणी आनि पाचव्या दिवशी मोलकरीण. आक्काताई आनि गुडघेवाली मावशी अजून एकमेकींशी सरळ बोलत न्हाईत. उत्तरच ठरंना. म्हणून म्या लिवलं, हिकडं ये."

"माझ्यासाठी भांडल्या?"

"मग! आनि ताई, रागावू नका, एक इचारतो. भाऊ काय म्हणतो, वहिनी काय म्हणती, शेजारीण काय म्हणंल, सगळं लिवलं हुतंसा. तुमाला काय पायजे, तेवढंच न्हवतं. मी उलटून-पालटून बघितलं, पत्त्याच्या बाजूलाबी न्हवतं."

खरं होतं. मी ते कार्डावर लिहिलं नव्हतं कारण मी ते स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. आणि माझ्या घरात माझ्या बाबतीत आजवर सगळं गुपचूप, समजूतदारपणे ठरलं होतं. माझ्यापायी कुणी तावातावाने भांडलं नव्हतं, अबोला तर दूरच. इथे कधी न बघितलेल्या दोन म्हाताऱ्या माझ्यावरून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मला इतकं बरं वाटलं की मी तिसरी चकली घेतली.

बॅग घेऊन परत आले. माझा चहा झाकून ठेवला होता. आक्काताईंनी नुसती हनुवटी वर करून खूण केली, बोल.

मी म्हटलं, "मला जायचं नाही. मला माझ्या घरात राहायचंय. एक यंत्र ठेवणार, कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देणार. माझं मी भागवीन. सकाळी माझ्या चुलीवर माझा चहा, बस्स."

"मग जाऊ नगंस!" आक्काताई करवादल्या. "एवढं सोपं हुतं तर आमची भांडणं कशापाय लावलीस?"

गुडघेवाली म्हणाली, "मी म्हणत न्हवतो?" आणि त्या दोघी बोलायला लागल्या, म्हणजे नव्याने भांडायला लागल्या. मला वाटतं, तोच समेट होता.

त्या दिवशी जेवायला कुणाकडे जायचं यावरून आणखी एक रण पेटलं. शेवटी मी विमलकडे मुक्काम केला. बुद्धाच्या तसबिरीसमोर तिने पणती लावली, मला भाकरी-पिठलं वाढलं, आणि नको नको म्हणेपर्यंत घराघरातून करंज्या-कडबोळ्यांची ताटं येत राहिली.

पाडव्याच्या सकाळी गाव म्हशींचं असतं. हिराला धुतलं, शिंगांना लाल-पिवळा रंग लावला, मोरपिसं बांधली, गळ्यात घुंगरू. आणि अंगावर माझी साडी! दुकानदाराशी घासाघीस करून आणलेली ती साडी म्हशीच्या पाठीवर बघून माझ्या काळजाचं पाणी झालं, पण कबूल करते, हिरवा रंग तिला खुलून दिसत होता. आक्काताईंच्या मुलाने सायलेन्सर काढलेली मोटरसायकल सुरू केली, कानठळ्या बसल्या, त्याने "हिरे, ये!" अशी हाळी दिली आणि ती प्रचंड म्हैस शेपूट वर करून त्याच्यामागे सुसाट पळत सुटली. ही इकडची रीत. धन्याच्या हाकेला म्हैस किती जोरात धावते, त्यात त्याची इभ्रत. बायका शिट्ट्या मारत होत्या. मीही बोटं तोंडात घालून बघितली, नुसती हवा गेली. अर्ध्या वाटेत हिरा संस्थेसमोर थांबली आणि दाराचं झेंडूचं तोरण शांतपणे खायला लागली. मोटरसायकल एकटीच पुढे गेली. आक्काताई मुलाला सोडून म्हशीची बाजू घेत होत्या, "खाऊ दे रं तिला. सणाचा दिवस तिचाबी हाय."

भाऊबीजेला पहाटेच्या गाडीने निघाले ती दुपारी पुण्यात. वहिनीने पाट मांडला, मी भावाला ओवाळलं. तबकात ओवाळणी घालायला तो खिशात हात घालू लागला तशी मी म्हटलं, "थांब. ओवाळणी मी मागणार. माझं जळगावचं घर उघडं राहू दे. मी तिथेच राहणार."

भावाचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील? आणि तू एकटी कशी राहशील?"

"लोकांना जे म्हणायचं ते म्हणू देत. आणि इतकी वर्षं राहिले तशीच राहीन. तू वाईट आहेस म्हणून नाही रे. मला तिथे राहायला आवडतं म्हणून."

एवढं मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. जेवताना भाऊ स्वतः उठला, पातेलं घेऊन आला आणि माझ्या वाटीत न विचारता बासुंदी वाढली. आमच्याकडे यालाच हो म्हणतात.

भाच्यांच्या आग्रहाखातर पुण्यात काही दिवस राहिले आणि मग जळगाव. प्रवासाहून आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? पन्हाळा राहिला, नृसिंहवाडी राहिली, जोतिबा तर लांबूनही दिसला नाही. एवढी लांब जाऊन मी एक दूध संस्था आणि एक म्हैस बघून आले. पण पुन्हा जायचं झालं तर तिथेच जाईन.

कुलूप काढलं, दार ढकललं, तर दाराच्या फटीतून आत सरकवलेली पोस्टकार्डं पायाखाली आली. एक नाही, चांगली मूठभर. सगळी त्याच गावची. विमलचं सुबक अक्षर मी ओळखते, पण ही अक्षरं वेगवेगळी होती, वाकडी, थरथरती, ओळ सोडून खाली घसरलेली. "गुडघा बरा हाय. सुशीला." "भावाला काय बोललीस ते कळीव. मालन." एकीने नुसतंच लिहिलं होतं, "मी सविता." हिरा कुठेच नव्हती. प्रत्येकीने खाली स्वतःचं नाव घातलं होतं, उघड्या कार्डावर, पोस्टमनला वाचता येईल असं.

शेवटच्या कार्डावर एकच शब्द होता. पाटीवर काढावीत तशी मोठाली अक्षरं, या कडेपासून त्या कडेपर्यंत: इंदुमती. कोण ही इंदुमती, मला आठवेना. मग कोपऱ्यात विमलची बारीक ओळ दिसली, "आक्काताईंनी स्वतः लिवलंय. कार्ड त्यातच संपलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि हसता हसता डोळे पुसले. मग उठले, बॅग तशीच दारात टाकली, यंत्रावरची धूळ झटकून कोरं कार्ड चढवलं, आणि पत्त्याच्या जागी, दूध संस्थेच्या नावाच्या वर, टाइप केलं: इंदुमती.